टूरमलीन सनएंजलचा गळा आणि पाच फ्लॅश

हमिंगबर्डचे फोटो दाखवले की बहुतेक जण आधी पंखांबद्दल विचारतात. इतक्या वेगाने हलणारे पंख असे थांबवले कसे? त्याचं उत्तर सरळ हिशोबाचं आहे आणि ते मी पुढे देतेच. पण इक्वाडोरमध्ये अँडीजच्या पूर्व उतारावर फ्लॅश मांडून बसायला लागल्यापासून माझं लक्ष पक्ष्याच्या गळ्याकडे लागलेलं असतं. पंख थांबवायला आकडे पुरतात. गळ्याचा रंग फोटोत उतरवायचा असेल तर प्रकाश कुठून येतोय हे बोटाबोटाने जुळवावं लागतं. या कामातली खरी मेहनत तिथेच आहे.

आधी जागा सांगते. राजधानी कीतोहून निघून पापायाक्ताची खिंड ओलांडली की रस्ता बाएसाकडे उतरायला लागतो. त्या उतारावर, साधारण २७०० मीटर उंचीवर, ग्वांगो लॉज आहे. बाजूने पापायाक्ता नदी वाहते आणि चहूकडे शेवाळाने लगडलेलं, ढगात बुडालेलं जंगल. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांतच सापडतात. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या सुमारे १३० एकट्या इक्वाडोरमध्ये. ग्वांगोला फीडरजवळ, म्हणजे पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्याजवळ, नुसतं उभं राहिलं तरी कॉलर्ड इंका, चेस्टनट-ब्रेस्टेड कोरोनेट, लाँग-टेल्ड सिल्फ, बफ-विंग्ड स्टारफ्रंटलेट आणि टूरमलीन सनएंजल कानाजवळून सुसाट जातात. आणि सोर्ड-बिल्ड हमिंगबर्ड. शेपूट सोडून उरलेल्या शरीरापेक्षाही चोच लांब असलेला जगातला हा एकमेव पक्षी. त्याच्याकडे नंतर वळते, कारण त्याची प्रकाशयोजनाच वेगळी.

आता पंखांचा हिशोब. मध्यम आकाराच्या हमिंगबर्डचे पंख सेकंदाला ४० वेळा हलतात असं धरू. पंखाचं टोक एका दिशेला १२ सेंटीमीटर जातं आणि तेवढंच परत येतं. म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ १० मीटर. १/२५० सेकंदाच्या शटरमध्ये ते टोक चार सेंटीमीटर सरकेल, १/२००० मध्ये अर्धा सेंटीमीटर, १/१०,००० मध्ये एक मिलिमीटर आणि १/२०,००० मध्ये अर्धा मिलिमीटर. एक मिलिमीटरच्या खाली आलो की पिसांच्या कडा दिसायला लागतात. बहुतेक कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर १/८००० च्या पुढे जात नाही, आणि तेवढ्या वेगाला जंगलातला उजेड पुरतही नाही. म्हणून शटरचं काम फ्लॅशकडे द्यायचं. आजूबाजूचा उजेड फोटोत जवळपास येऊच द्यायचा नाही. शटर १/२०० वर निवांत उघडं राहू दे. त्या काळोखात फ्लॅश जितका क्षण पेटेल तेवढाच क्षण फोटोत उतरतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कॅमेऱ्यावर लावायच्या छोट्या फ्लॅशची ताकद कमी केली म्हणजे तो मंद पेटतो असं नाही. तो लवकर विझतो. निकॉनच्या एसबी-९०० चे आकडे पाहा: पूर्ण ताकदीला १/८८० सेकंद, १/१६ ताकदीला १/१०,०००, १/३२ ला १/२०,०००. माझा मोठा भाऊ इलेक्ट्रॉनिक्समधला. त्याने एकदा प्रकाश टिपणारा फोटोडायोड जोडून माझे फ्लॅश ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचा चढउतार रेघेने दाखवणाऱ्या यंत्रावर, दाखवले होते. पूर्ण ताकदीला रेघ झटकन वर चढते आणि मग रेंगाळत, लांब शेपूट ओढत खाली येते. "ही शेपटी बघ," दादा म्हणाला, "तुझे पंख इथे पुसट होतात." मग त्याने ताकद १/३२ वर आणली. शेपूट मधूनच छाटली गेली आणि पडद्यावर एक बारीक सुळका तेवढा उरला. त्या पडद्याने जे दाखवलं ते तोपर्यंत कुठल्याही कोष्टकाने दाखवलं नव्हतं. तेव्हापासून मी १/१६ च्या वर कधी जात नाही. प्रकाश कमी पडला तर फ्लॅश जवळ आणते किंवा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवते, ताकद मात्र वाढवत नाही. सगळे फ्लॅश एकाच ताकदीवर ठेवते. त्यातला एक जरी १/४ वर राहिला तर बाकीच्यांनी धारदार केलेल्या पंखावर तो पुसट सावलीसारखा दुसरा पंख चढवतो.

हाय-स्पीड सिंक, म्हणजे फ्लॅश वेगवान शटरशी जुळवण्याची सोय, वापरलं तर चालेल का, असं अनेकांना वाटतं. या कामाला ते चालत नाही. त्यात फ्लॅश एकदाच न पेटता भराभर लुकलुकत राहतो, म्हणजे जवळपास सलग उजेड देतो. मग थांबवायचं काम पुन्हा शटरवरच येतं आणि ताकदही बरीच वाया जाते. अलीकडे सोनीच्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं शटर, आलं आहे. ते १/८०,००० पर्यंत जातं आणि कुठल्याही वेगाला साध्या फ्लॅशशी जुळतं. काळोख करण्याची अट त्याने बरीच सैल होईल. तरी गळ्याचा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

मांडणी करताना सगळ्यात आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढते. शटर १/२००, लेन्सचं छिद्र एफ/११ ते एफ/१६, आयएसओ ४००. हा फोटो काळा आला पाहिजे. ढगाळ जंगलात झाडाखाली सहज येतो. मध्येच ऊन पडलं तर येत नाही, म्हणून फीडरच्या वर एक गडद छत्री बांधलेली असते. तीच पावसातही उपयोगी पडते. ग्वांगोला पाऊस केव्हाही येतो, त्यामुळे प्रत्येक फ्लॅश पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत, तोंडाला रबरबँड. ट्रिगर रेडिओचेच हवेत. प्रकाश पाहून पेटणारे स्लेव्ह मोकळ्यावर भरवशाचे नाहीत, आणि पिशवीत गुंडाळल्यावर तर त्यांचं काही खरं नाही. सेल साधे अल्कलाइन न घेता चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड घ्यावेत. त्या थंडीत ते बरे टिकतात आणि १/३२ ताकदीला फ्लॅश क्षणात पुन्हा तयार असतो.

लेन्स ३०० मिलिमीटरची, पक्ष्यापासून अडीच मीटरवर. एफ/११ ला या अंतरावर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम चार सेंटीमीटर मिळते. पंखाची दोन्ही टोकं आणि डोळा एकाच वेळी धारदार यायचे असतील तर पक्षी बाजूने दिसायला हवा. तो कॅमेऱ्याकडे तोंड करून आला की पंखांची टोकं फोकसच्या बाहेर जातात, पण गळा नेमका तेव्हाच पेटतो. ही ओढाताण कायमची आहे. मी अशा वेळी पंख सोडून देते.

पक्षी कुठे थांबेल हे आधी ठरवून घ्यावं लागतं. एकच फीडर ठेवायचा, त्याची बाकीची भोकं चिकटपट्टीने बंद करायची, एक उघडं ठेवायचं. मग नुसतं पाहत बसायचं. पक्षी येतो, चोच घालतो, पितो, वितभर मागे सरकतो, तिथेच हवेत तरंगतो, इकडेतिकडे पाहतो आणि पुन्हा पुढे येतो. हे मागे सरकणं महत्त्वाचं. तेवढ्यात चोच मोकळी असते, फीडर चौकटीबाहेर राहतो आणि प्रत्येक पक्षी जवळपास त्याच जागी मागे येतो. फोकस तिथे लावून ठेवायचा. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसत नाही. केबल रिलीज, म्हणजे तारेने जोडलेलं शटरचं बटण, हातात धरून पक्ष्याकडे बघत बसते. डोळ्यांनी थेट पाहिलं की तो कधी मागे येणार ते आधी कळतं.

पंख कुठल्या स्थितीत सापडतील हे नशिबावर. तेवढ्या वेगाशी आपलं बोट जुळूच शकत नाही. तरी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी पंख दिशा बदलतो आणि त्या क्षणी त्याचा वेग सगळ्यात कमी असतो. पूर्ण मागे ताणलेले किंवा पुढे पसरलेले पंख बहुधा सगळ्यात धारदार येतात ते त्यामुळे. दिसायलाही तीच स्थिती सुंदर.

आता गळा. टूरमलीन सनएंजलचा नर बाजूने पाहिला तर गळा काळपट, विझल्यासारखा दिसतो. तोच नर मान वळवून तुमच्याकडे बघतो आणि त्या काळ्या डागातून गुलाबी-जांभळा रंग असा उसळतो की समोरच्याला डोळे बारीक करावे लागतात. पुन्हा मान फिरली की काळा. हा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या, आत हवेचे बुडबुडे असलेल्या चकत्यांचे थर असतात. त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि ठराविक रंग उजळून निघतो. पाठीच्या पिसांत हे तंतू थोडे वळलेले असतात, त्यामुळे पाठीचा हिरवा रंग बऱ्याच बाजूंनी दिसतो. गळ्याच्या पिसांत ते सपाट असतात, म्हणून रंग एकाच अरुंद दिशेला फेकला जातो. क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी या चकत्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला होता. १९४८ ते १९६२ या काळात ड्युपाँट कंपनीचे अध्यक्ष असलेला हा केमिकल इंजिनिअर वेगवान फ्लॅशचं स्वतःचं सामान घेऊन दक्षिण अमेरिकेत हमिंगबर्डमागे हिंडत असे. त्यांच्याही आधी, १९३० च्या दशकात, अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी विजेच्या चमकेत हमिंगबर्डचे पंख थांबवून दाखवले होते. १९४७ मध्ये त्यांचे हमिंगबर्डचे फोटो नॅशनल जिओग्राफिकमध्ये आले. म्हणजे पंखांचा प्रश्न तेव्हाच सुटला. ग्रीनवॉल्टना रंगाचं वेड लागलं आणि मला ते फार जवळचं वाटतं.

गळ्याचा रंग जिथून प्रकाश येतो त्याच्या आसपासच परततो. त्यामुळे एक फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असावाच लागतो. मी तो लेन्सच्या किंचित वर ठेवते. पण हा माझा मुख्य फ्लॅश नाही. मुख्य फ्लॅश डावीकडे उंचावर, पक्ष्यापासून साधारण अर्ध्या मीटरवर, उजेड पसरवणारा पांढरा डिफ्यूजर लावून; तो सूर्याची जागा घेतो. लेन्सजवळचा फ्लॅश लांब असल्याने आपोआप मंद पडतो. अंगावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही. पण गळ्याची पिसं आरशासारखी त्याच्याकडे वळलेली असली की तेवढाही उजेड त्यांना पुरतो. तिसरा फ्लॅश मागून, उजव्या बाजूने, पंखांच्या कडा आणि सिल्फची ती निळी-हिरवी लांब शेपूट उजळायला. चौथा खालून, पोटासाठी. पाचवा मागच्या पडद्यावर.

लेन्सजवळचा फ्लॅश हाताने थोडा वर-खाली करून पाहा. तो जरा वर सरकला की गळ्याच्या वरच्या कडेची पिसं पेटतात आणि खालची काळी राहतात. खाली आणला की उलट. मध्ये एक अशी जागा सापडते की हनुवटीपासून छातीपर्यंत पीस नि पीस रंगतं, प्रत्येकाची कड वेगळी दिसते, खवल्यांसारखी. ती जागा सनएंजलसाठी एक आणि स्टारफ्रंटलेटसाठी दुसरीच. कोष्टक करून ठेवता येत नाही. मान किती वळते, पक्षी तरंगताना अंग किती तिरकं धरतो, यावर सगळं ठरतं आणि ते पाहतापाहताच हाताला कळायला लागतं.

कॉलर्ड इंका मात्र वेगळीच परीक्षा घेतो. अंग जवळजवळ काळं आणि छातीवर पांढराशुभ्र पट्टा. खालचा फ्लॅश जरा जास्त झाला की पट्ट्यातली पिसं दिसेनाशी होऊन नुसता पांढरा ठिपका उरतो. त्याच्यासाठी मी खालचा फ्लॅश दूर नेते आणि एक्स्पोजर पांढऱ्यावर धरते. अंगाचा काळेपणा काळाच राहू द्यावा. त्या काळ्यात दडलेली हिरवट झाक मागच्या फ्लॅशने येते.

आणि कोरोनेट. हा सगळ्या फीडरवर मालकी सांगतो, बाकीच्यांना हुसकावतो. पण बसताना त्याची एक लकब आहे. फांदीवर पाय टेकले की पंख मिटण्याआधी क्षणभर वर उभारून धरतो आणि पंखांच्या आतली तांबूस बाजू उघडी पडते. त्या क्षणासाठी फीडरपासून हातभर अंतरावर एक शेवाळलेली काटकी क्लॅम्पने लावून ठेवावी. तो हमखास तिथे येतो.

सोर्ड-बिल्डसाठी सगळंच उलटं. तो लांब नळीसारख्या, खाली लोंबणाऱ्या फुलांकडे जातो. ब्रुग्मान्सिया त्याच्या आवडीचं. फुलाखाली तरंगत चोच सरळ वर घालतो. वरून आलेला प्रकाश फूलच अडवतं आणि डोळा अंधारात राहतो. त्याच्यासाठी खालचा फ्लॅश मुख्य होतो आणि वरचा मदतीला. फूल त्याच परिसरातलं घ्यायचं, ताजं घ्यायचं, हवं तर आत सिरिंजने साखरपाण्याचे थेंब सोडायचे. ज्या फुलाकडे तो पक्षी एरवी फिरकतही नाही असं शोभेचं फूल समोर बांधलेले फोटो मला पटत नाहीत. रंग कितीही जुळले तरी त्या फोटोत पक्ष्याचं जगणं नसतं.

मागच्या पडद्याचंही तेच. फ्लॅशचा उजेड पक्ष्याच्या मागे पोहोचता पोहोचता विरतो, म्हणून पडदा नसेल तर पार्श्वभूमी मध्यरात्रीसारखी काळी येते. हमिंगबर्ड दिवसाचा पक्षी. काळ्यावर तो खोटा दिसतो. मी तिथल्याच उताराचा, शेवाळाचा आणि ढगाचा, मुद्दाम फोकसबाहेर काढलेला फोटो मॅट कागदावर छापून घेते आणि पक्ष्याच्या मागे मीटर-सव्वा मीटरवर उभा करते. चकचकीत कागद चालत नाही, त्यात फ्लॅशचं प्रतिबिंब उठतं. सूर्यास्ताचे, निळ्या-जांभळ्या छटांचे छापील पडदे पुष्कळ दिसतात. ते मला नको वाटतात.

फोटो तपासताना मी सर्वात आधी डोळा मोठा करून बघते. पाच फ्लॅश लावले की बुबुळात पाच पांढरे ठिपके उमटतात आणि फोटो स्टुडिओतला वाटायला लागतो. संपादनात ते पुसता येतात, बरेच जण पुसतात. मला ते जागेवरच मिटवायला आवडतं. खालच्या फ्लॅशपुढे मोठा डिफ्यूजर धरला की ठिपक्याऐवजी जमिनीवरून परतलेल्या उजेडासारखी फिकट झाक येते. मागचा फ्लॅश थोडा आणखी मागे नेला की तो डोळ्यात दिसतच नाही. वरचा एक ठळक ठिपका उरला की बघणाऱ्याला एकच सूर्य जाणवतो. पाच दिव्यांनी एक सूर्य करणं, त्यातही गळ्याला त्याचा वेगळा वाटा देणं, यासाठी मी पुन्हा पुन्हा त्या उतारावर जाते.

पक्ष्यांना फ्लॅशचा त्रास होतो का? मी पाहिलं त्यात ते पिण्यात आणि एकमेकांना हुसकावण्यात इतके गुंतलेले असतात की चमक झाल्यावर बहुतेकदा जागचे हलतही नाहीत. एखादा दचकला, परत यायला कचरला, तर मी त्याच्यावरचे फ्लॅश थांबवते. घरट्याजवळ फ्लॅश कधीच नाही. फोटोसाठी एक फीडर वेगळा केला तरी बाकीचे भरलेले आणि उघडे राहिले पाहिजेत, नाहीतर कोरोनेटसारखा दांडगा एकुलत्या फीडरवर बसून राहतो आणि वुडस्टारसारख्या इवल्या हमिंगबर्डना काहीच मिळत नाही. साखरपाणी एक भाग साखर आणि चार भाग पाणी, साधी पांढरी साखर. लाल रंग नाही, मध तर अजिबात नाही. फीडर रोज धुवायचा.

आणि संध्याकाळच्या खूप आधी फ्लॅश उतरवायचे. तिथल्या रात्री थंड असतात आणि एवढ्याशा शरीरात उष्णता टिकत नाही. रात्री अनेक जाती टॉर्परमध्ये जातात: हृदय मंदावतं, शरीर गार पडतं. पेरूच्या अँडीजमध्ये ब्लॅक मेटलटेल या हमिंगबर्डचं शरीर ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत गार झाल्याची नोंद आहे. अशा रात्रीसाठी दिवसाचा शेवटचा तास पोट भरून घेण्याचा असतो. त्या वेळी फीडरभोवती माझे स्टँड, तारा आणि छत्री नकोत. उजेड चांगला असला तरी मी आवरते, चिकटपट्ट्या काढते आणि सगळी भोकं मोकळी करते.

पुढच्या खेपेला सनएंजल दोनच फ्लॅशमध्ये करून पाहायचा आहे: एक वर सूर्याच्या जागी, एक लेन्सजवळ गळ्यासाठी, आणि खालून पांढऱ्या फोमबोर्डचा तुकडा. पंखांची मागची कड तेव्हा अंधारात जाईल. जाऊ दे, गळा मिळाला की मला पुरे.